गणपूर्ती गेल्यावर: वितरित साठवण क्लस्टरमधील दोषशोधन



डेटा एकाच सर्व्हरवर ठेवला तर तो सर्व्हर बंद पडल्यावर सगळेच थांबते, म्हणून आपण त्याच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवतो. हे झाले वितरित साठवणीचे पहिले तत्त्व. या पाठात त्यापुढचा प्रश्न घेऊ. सर्व्हर अनेक असले की 'खरे काय' हे ठरवणार कोण? आणि ठरवणाऱ्यांची संख्या कमी पडली, म्हणजे क्लस्टरची गणपूर्ती गेली, तर दोष कसा शोधायचा आणि क्लस्टर पुन्हा कसा उभा करायचा?

पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला तीन गोष्टी जमायला हव्यात: गणपूर्तीसाठी बहुमतच का लागते ते सांगणे, गणपूर्ती का गेली ते क्रमाने शोधणे, आणि कोणता उपाय कधीही घाईने करू नये हे ओळखणे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गणपूर्ती गेल्यामुळे डेटा सहसा जात नाही, काम थांबते. डेटा जातो तो गणपूर्ती घाईने 'परत आणण्याच्या' खटाटोपात.

१. सभेची गणपूर्ती आणि क्लस्टरची गणपूर्ती

गणपूर्ती किंवा कोरम हा शब्द सभेच्या कामकाजातून आला आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार संसदेच्या सभागृहाची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या एक दशांश आहे. म्हणजे लोकसभेच्या ५४३ सदस्यांपैकी ५५ पुरतात. राज्यांच्या विधिमंडळांसाठी अनुच्छेद १८९ आहे. तिथे दहा सदस्य किंवा एक दशांश, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती धरतात. छत्तीसगड विधानसभेत ९० सदस्य आहेत, तेव्हा तिची गणपूर्ती १०. महाराष्ट्र विधानसभेत २८८ आहेत, तेव्हा २९.

सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेची पद्धत तर तुमच्या घरच्यांना पाठ असेल. वेळेवर पुरेसे सभासद आले नाहीत की सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग त्याच जागी, हजर असलेल्यांना घेऊन, गणपूर्तीचे बंधन न ठेवता भरते.

मग क्लस्टरला एक दशांश का चालत नाही? अर्ध्या तासाने तहकूब सभा का भरवता येत नाही?

कारण सभेला एकच सभागृह असते. दहा आमदार सभागृहात बसले असताना दुसरे दहा आमदार दुसऱ्या खोलीत बसून वेगळा कायदा संमत करू शकत नाहीत. कोण आले आणि कोण नाही, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसते. क्लस्टरला असे सभागृह नसते. तिथे फक्त नेटवर्क असते. समोरच्या सर्व्हरकडून उत्तर आले नाही तर तो बंद आहे, की चालू आहे पण मधली तार तुटली आहे, हे या बाजूने कळत नाही. आपण ज्याला 'गैरहजर' समजतो तो पलीकडच्या खोलीत स्वतःची सभा भरवून बसलेला असू शकतो.

म्हणून क्लस्टर बहुमताचा नियम पाळतो. एकूण मतदार क असतील तर गणपूर्ती म्हणजे क ला दोनने भागून येणारा पूर्णांक, अधिक एक. एकाच गटातून निवडलेल्या कोणत्याही दोन बहुमतांत किमान एक सदस्य समान असतोच. त्यामुळे दोन बाजूंना एकाच वेळी दोन वेगळे निर्णय पक्के करता येत नाहीत, आणि आजच्या बहुमतात कालचा निर्णय माहीत असलेला निदान एक जण असतो.

मतदार ३ असतील तर गणपूर्ती २, आणि १ गमावला तरी चालते.
मतदार ४ असतील तर गणपूर्ती ३, आणि तरीही १ च गमावता येतो.
मतदार ५ असतील तर गणपूर्ती ३, आणि २ गमावता येतात.

चौथा मतदार घेऊन फायदा काहीच झाला नाही. म्हणून मतदारांची संख्या विषम ठेवतात.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पॅक्सॉस ही पद्धत १९९८ साली प्रसिद्ध केली, तीही एका काल्पनिक ग्रीक बेटावरच्या संसदेच्या रूपात. त्या संसदेतले सदस्य मनाला येईल तेव्हा सभागृहाबाहेर जातात आणि परत येतात, तरी कायद्यांची नोंद सुसंगत राहते. पुढे २०१४ मध्ये डिएगो ऑन्गारो आणि जॉन औस्टरहौट यांनी समजायला सोपी अशी राफ्ट पद्धत मांडली. सेफ या साठवण प्रणालीचे मॉनिटर पॅक्सॉसवर चालतात, तर ईटीसीडी आणि कन्सल राफ्टवर.

२. सेफमध्ये दोन वेगळ्या गणपूर्ती

पुढची चर्चा सेफवर आधारलेली आहे. त्यात विद्यार्थ्यांचा नेहमी होणारा गोंधळ आधीच दूर करू.

पहिली गणपूर्ती मॉनिटरांची. मॉनिटर प्रत्यक्ष डेटा साठवत नाहीत. क्लस्टरमध्ये कोण आहे, कोणती डिस्क चालू आहे, कोणता नकाशा ताजा आहे याची नोंद ते ठेवतात. ही गणपूर्ती गेली की क्लस्टरची स्थिती विचारणारी आज्ञा काहीच न सांगता लटकून राहते. मात्र आधीपासून जोडलेल्या ग्राहकांचे वाचन-लेखन काही काळ चालू राहू शकते, कारण डेटा मॉनिटरमधून जात नाही. ग्राहक थेट डिस्कची सेवा देणाऱ्या ओएसडीशी बोलतात. नकाशा बदलायची किंवा ओळखपत्राची मुदत वाढवायची वेळ आली की मग ते अडतात.

दुसरी अट प्रतींची. एखाद्या पूलमध्ये 'साइझ' ३ आणि 'मिन साइझ' २ असेल, तर प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती असतात आणि त्यांपैकी किमान दोन उपलब्ध असल्याशिवाय तिच्यावर काम होत नाही. इथे मॉनिटरांची गणपूर्ती शाबूत असते, स्थितीची आज्ञा लगेच उत्तर देते, पण काही प्लेसमेंट ग्रुप निष्क्रिय दिसतात.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: स्थितीची आज्ञा उत्तर देते का? देत असेल तर मॉनिटरांची गणपूर्ती आहे, दोष ओएसडीकडे शोधा. लटकत असेल तर मॉनिटरांकडे वळा.

३. एक उदाहरण: बूढापारा, चौबे कॉलनी, शंकरनगर

रायपूरमध्ये बूढा तलावाजवळ बूढापारा हा जुना मोहल्ला आहे. कल्पना करा की तिथल्या एका वाचनालयाने जुन्या हिंदी-मराठी नियतकालिकांची पाने स्कॅन करून जपायचे ठरवले. मूळ कागद हातात घेतला की तुकडे पडतात, त्यामुळे पुन्हा स्कॅन करणे शक्य नाही. सेफचा क्लस्टर तीन ठिकाणी उभा केला: अ हा मॉनिटर बूढापाऱ्यात, ब चौबे कॉलनीत, क शंकरनगरात. प्रत्येक ठिकाणी ओएसडी आहेत आणि प्रत्येक पानाची एकेक प्रत तिन्ही ठिकाणी आहे.

सोमवारी नालीच्या खोदकामात बूढापाऱ्याची फायबर तुटली. अ एकटा पडला. ब आणि क मिळून ३ पैकी २ झाले, म्हणून क्लस्टर चालू राहिला आणि चौबे कॉलनीतून नवी पाने चढत राहिली. अ ने गप्प बसायचे असते, आणि तो गप्प बसला. इथवर सगळे नियमाप्रमाणे झाले.

गुरुवारी क बंद पडला. त्याच्या डिस्कवर जागाच उरली नव्हती. मॉनिटरचा डेटाबेस ज्या विभाजनावर असतो तिथली मोकळी जागा ५ टक्क्यांच्या खाली गेली की सेफचा मॉनिटर आपण होऊन थांबतो, ही मूळची मर्यादा आहे. जागा संपली तीही योगायोगाने नव्हे. सगळ्या प्रती पूर्ववत होईपर्यंत मॉनिटर जुने नकाशे छाटू शकत नाहीत. बूढापाऱ्याच्या प्रती सोमवारपासून तुटलेल्या होत्या, म्हणून उरलेल्या दोन्ही मॉनिटरांचे डेटाबेस फुगत गेले. ज्याची डिस्क लहान तो आधी पडला. क चे ओएसडी वेगळ्या डिस्कवर असल्यामुळे ते चालूच आहेत.

आता स्थिती अशी: अ चालू, पण एकटा. ब चालू, पण एकटा. क बंद. दोन मॉनिटर धडधाकट असूनही गणपूर्ती नाही, कारण ते एकमेकांना दिसत नाहीत.

अशा वेळी तहकूब सभेचा मोह होतो. बूढापाऱ्यातला कर्मचारी म्हणतो, 'बाकीचे दोन गेलेत, नकाशातून काढून टाकू, अ एकटाच चालवू.' लिहिणे तरीही सुरू होत नाही, म्हणून तो 'मिन साइझ' १ करतो. त्याच सुमारास चौबे कॉलनीतली सहकारी ब बाबत तेच करते. दोन्हीकडे क्लस्टर सुरू होतो, दोन्हीकडे नवी पाने चढतात. फायबर जोडली जाते तेव्हा एकाच ओळखीचे दोन क्लस्टर समोर उभे राहतात. त्यांचे नकाशे आपोआप एकत्र होत नाहीत. एका बाजूचे काम टाकून द्यावे लागते. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात.

आणि अ तर मुळातच शिळा आहे. सोमवार ते गुरुवारचे निर्णय ब आणि क ने मिळून पक्के केले, अ ला त्यांचा पत्ता नाही. अ ला खरा मानून क्लस्टर उभा केला तर त्या दिवसांतले निर्णय जणू झालेच नाहीत असे धरून तो पुढे जाईल.

योग्य उपाय किती साधा होता पाहा. क वरच्या जुन्या लॉग-फाइली दुसरीकडे हलवायच्या किंवा विभाजन वाढवायचे, आणि क चा मॉनिटर सुरू करायचा. ब आणि क भेटले की गणपूर्ती आली. अ फायबर जोडल्यावर स्वतःच मागचे निर्णय भरून घेईल.

४. दोषशोधनाचा क्रम

पायरी १: थांबा आणि लिहून काढा. सगळे सर्व्हर एकदम पुन्हा सुरू करू नका. शेवटी सर्व ठीक केव्हा होते, त्यानंतर काय बदलले, हे वेळेसह कागदावर लिहा. लॉगची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवा.

पायरी २: छेद तपासा. गणपूर्ती मोजताना भागाकाराखालची संख्या 'आज चालू असलेल्या' मॉनिटरांची नसते, ती मॉनिटर-नकाशात नोंदलेल्या मॉनिटरांची असते. वर्षापूर्वी भंगारात काढलेला सर्व्हर नकाशातून काढायचा राहिला असेल तर तो अजून मतदार आहे. नकाशात ४ नावे आणि चालू २, तर गणपूर्ती नाही, मग ते दोघे कितीही निरोगी असोत.

पायरी ३: प्रत्येक मॉनिटरला वेगळे विचारा. क्लस्टर उत्तर देत नसला तरी प्रत्येक मॉनिटरचे स्वतःचे ॲडमिन सॉकेट त्याच सर्व्हरवरून उत्तर देते. त्यावर 'मॉन स्टेटस' विचारले की त्याची अवस्था आणि त्याला माहीत असलेला नकाशा दिसतो. अवस्था अशा वाचा:

प्रोबिंग: तो इतरांना शोधतो आहे. पुरेसे सापडत नाहीत, किंवा त्याच्या नकाशातले पत्ते चुकीचे आहेत.
इलेक्टिंग: निवडणूक चालू आहे. काही क्षण असेल तर ठीक. बराच वेळ टिकली तर नेटवर्क आत-बाहेर होत असेल किंवा घड्याळे जुळत नसतील.
सिंक्रोनायझिंग: मागे पडलेला मॉनिटर नोंदी भरून घेतो आहे. त्याला वेळ द्या.
लीडर किंवा पिऑन: तो गणपूर्तीत आहे.

सॉकेटच उत्तर देत नसेल तर ती प्रक्रिया चालू नाही. तिथे पायरी ४ पाहा.

पायरी ४: डिस्क. मोकळी जागा पाहा. डिस्कच्या चुका कर्नलच्या लॉगमध्ये आहेत का पाहा. जागा करताना मॉनिटरच्या डेटाबेसमधली एकही फाइल हाताने पुसू नका.

पायरी ५: नेटवर्क, प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे. तीन मॉनिटर असतील तर सहा दिशा तपासा. सेफचे मॉनिटर ३३०० आणि ६७८९ या पोर्टांवर ऐकतात. फायरवॉलमध्ये एकच उघडे असेल तर अर्धवट लक्षणे दिसतात. साधे पिंग गेले म्हणजे मार्ग ठीक आहे असे समजू नका. दोन टोकांना पाकिटाचा कमाल आकार वेगळा असेल तर छोटी पाकिटे जातात आणि मोठी वाटेतच हरवतात. पिंग पूर्ण आकाराच्या पाकिटाने करून पाहा.

पायरी ६: घड्याळे. मॉनिटरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला की सेफ इशारा देतो. फरक खूप वाढला तर नेत्याने दिलेली मुदत सदस्याला आधीच संपलेली वाटते आणि निवडणुका पुन्हा पुन्हा होतात. सगळे सर्व्हर एकाच वेळ-सर्व्हरशी जोडलेले आहेत का पाहा.

पायरी ७: मेलेल्याला उठवा. ३ पैकी २ पडले असतील तर दोघांना उठवायची गरज नाही, एक पुरतो. पॉवर सप्लाय जळाला असेल तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात बसवून, तोच पत्ता देऊन, तोच मॉनिटर सुरू करता येतो. या पायरीवर तास-दोन तास जास्त गेले तरी जाऊ द्या.

५. शेवटचा उपाय: मॉनिटर-नकाशा बदलणे

पडलेले मॉनिटर परत येणारच नाहीत, उदाहरणार्थ डिस्कच जळाल्या, अशी खात्री झाली तरच हा उपाय करा. आधी दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

पहिला: उरलेला मॉनिटर शेवटच्या बहुमतात होता का? आपल्या उदाहरणात ब होता, अ नव्हता. तिघांचा क्लस्टर दोघांवर चालत असेल तर त्या दोघांपैकी कोणाकडेही सगळे पक्के निर्णय असतात. पाचांपैकी तिघे गेले असतील तर सावध राहा. शेवटचे निर्णय नेमके त्याच तिघांनी पक्के केलेले असू शकतात.

दुसरा: गेलेले मॉनिटर खरोखर गेले आहेत का? वीज परत आली आणि ते आपोआप सुरू झाले तर? त्यांची नेटवर्कची आणि विजेची तार प्रत्यक्ष काढा. फोनवर 'बंद आहे' असे ऐकणे पुरेसे नाही.

मग क्रम असा. उरलेला मॉनिटर थांबवा. त्याच्या पूर्ण डेटा-फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. त्याच्याकडून नकाशा फाइलमध्ये काढून घ्या आणि तिच्यात कोणती नावे आहेत ते वाचा. मॉनमॅपटूल या साधनाने गेलेली नावे वगळा. बदललेला नकाशा पुन्हा त्याच मॉनिटरमध्ये भरा आणि तो सुरू करा. आता मतदार १, गणपूर्ती १. क्लस्टर बोलू लागेल, पण एका खांबावर उभा असेल. इतर कामे बाजूला ठेवून दोन नवे मॉनिटर जोडा.

सगळेच मॉनिटर नष्ट झाले तरी आशा संपत नाही. ओएसडींकडे नकाशांच्या नोंदी असतात, आणि त्या गोळा करून मॉनिटरचा डेटाबेस पुन्हा बांधण्याची पद्धत सेफच्या अधिकृत दस्तऐवजांत दिली आहे. मात्र त्यात काही किल्ल्या आणि सेफ-एफएसचे नकाशे परत येत नाहीत.

६. प्रत्यक्ष घडलेल्या दोन घटना

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी, भारतीय वेळेनुसार २२ तारखेच्या पहाटे, गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क देखभालीच्या कामात ४३ सेकंद तुटला. डेटाबेसचा मुख्य सर्व्हर कोणता हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या उरलेल्या सदस्यांनी गणपूर्ती जमवली आणि मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे दिले. निर्णय नियमाप्रमाणे झाला. पण पूर्वेला झालेल्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेकडे पोचलेल्याच नव्हत्या, आणि संपर्क आला तेव्हा दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेला डेटा होता. गिटहबने घाई केली नाही. डेटाची सुसंगती आधी, सेवा नंतर, असे ठरवले, आणि सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. त्रेचाळीस सेकंदांसाठी चोवीस तास, हे प्रमाण लक्षात ठेवा. म्हणूनच मत देणाऱ्यांची गणपूर्ती आणि डेटाच्या प्रतींची अट या दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या.

२ नोव्हेंबर २०२० रोजी क्लाउडफ्लेअरकडे एक नेटवर्क स्विच धड मेलाही नाही आणि धड चाललाही नाही. ईटीसीडीच्या तीन सदस्यांपैकी दोघांना एकमेकांशी बोलता येईना, पण तिसरा दोघांशी बोलू शकत होता. परिणामी निवडणुका पुन्हा पुन्हा होत राहिल्या. नियंत्रण-पटल आणि एपीआय सुमारे साडेसहा तास बाधित झाले. पायरी ५ मध्ये प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे तपासायला सांगितले ते याचसाठी.

७. आधीच घ्यायची काळजी

मतदार विषम ठेवा आणि त्यांना किमान तीन वेगळ्या जागी, वेगळ्या विजेवर आणि वेगळ्या नेटवर्क-मार्गावर बसवा. दोनच जागा असतील तर ज्या जागी बहुमत आहे ती गेली की सगळे थांबते. अशा वेळी तिसऱ्या जागी एक लहानसा मॉनिटर तरी ठेवा. एक मॉनिटर पडला की क्लस्टर चालूच राहतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. आपल्या उदाहरणातला खरा बिघाड सोमवारी झाला होता, गुरुवारी तो फक्त दिसला. तीनपैकी एक पडणे ही 'अजून चालते आहे' अशी स्थिती नसून 'आता एकही गमावता येणार नाही' अशी स्थिती आहे. इशारा त्याच क्षणी कोणाच्या तरी फोनवर गेला पाहिजे.

आणि सराव करा. प्रयोगशाळेत तीन आभासी यंत्रांवर सेफ बसवा, एकेक मॉनिटर बंद करा आणि वरच्या पायऱ्या हाताने करून पाहा.

स्वाध्याय

१. मतदार ६ असतील तर गणपूर्ती किती? किती मतदार गमावता येतील? ५ मतदारांशी तुलना करा.
२. नकाशात ५ मॉनिटर आहेत. २ कायमचे जळाले, पण नकाशातून काढले नाहीत. उरलेल्या तिघांपैकी १ पडला तर काय होईल? जळालेले दोघे वेळीच काढले असते तर काय झाले असते?
३. बूढापाऱ्याच्या उदाहरणात क ची डिस्क कायमची जळाली असती आणि फायबर जोडायला आठवडा लागणार असता, तर अ आणि ब पैकी कोणाचा नकाशा बदलाल? आधी कोणती खबरदारी घ्याल?
४. स्थितीची आज्ञा लगेच उत्तर देते, पण लिहिणे अडले आहे. दोष कुठे शोधाल? 'मिन साइझ' १ केल्याने कोणता धोका येतो?
५. विधानसभेला एक दशांश गणपूर्ती पुरते आणि क्लस्टरला पुरत नाही, याचे कारण तुमच्या शब्दांत पाच ओळींत लिहा.